पाळीवरचा देव आणि तलावाचा मालक

संस्कृती आणि पर्यावरण यांच्या नात्यावर बोलायचं ठरलं की मराठी लेखक सह्याद्रीकडे वळतो आणि देवराईपाशी थांबतो. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडल्यापासून हे उदाहरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे, आणि ते बसावं इतकं मोलाचं आहेच. पण देवाच्या धाकानं राखलेल्या रानात माणसाचं काम एवढंच असतं, की हात लावायचा नाही. प्रत्यक्षात बहुतेक माणसं पिढ्यान् पिढ्या निसर्गाला हात लावूनच जगत आली. त्यांनी माती खणली, पाणी अडवलं, रान साफ करून पेरलं, मासे धरले. निसर्ग वापरणाऱ्या आणि वापरता वापरता टिकवणाऱ्या माणसाची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात जायला हवं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा पट्टा. यातल्या बऱ्याचशा भागाला झाडीपट्टी म्हणतात. इथे वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या जवळपास दुप्पट. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इतक्या पावसाच्या मुलखात पाण्याची काय चिंता? चिंता आहे, कारण इथलं पीक धान. रोवणी झाली, बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) भरल्या, आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली, की धान गर्भात असताना जमीन भेगाळते. लोंब बाहेर पडते ती पोचट. वर्षभराचं अन्न त्या एका पाण्यावर ठरतं. ते एक पाणी हाताशी असावं, म्हणून या मुलखात तलाव बांधले गेले. किती? आजही मोजले तर सहा हजारांहून अधिक भरतात. गावाचा मोठा तलाव वेगळा, त्याच्या खाली किंवा शेतात असलेल्या लहानलहान बोड्या वेगळ्या.

हे तलाव नकाशावर टिंबांसारखे दिसतात, पण जमिनीवर त्यांची साखळी असते. बुटक्या टेकड्यांच्या पायथ्याशी, जिथे उताराचं पाणी आपोआप एकवटतं, तिथे पहिली पाळ. तिन्ही बाजूंना टेकडी आणि रान, चौथ्या बाजूला माणसानं घातलेली माती. वरचा तलाव भरला की त्याचा सांडवा खालच्या तलावात, खालच्याचा बोडीत, बोडीचा बांध्यांत. वरचं रान शाबूत असेल तर गाळ कमी येतो, म्हणून रान राखणं हा पाण्याच्याच कामाचा भाग होता. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम असे. त्यात पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला बूच. पाणी जसं उतरेल तसं खालचं बूच काढायचं. लोखंडी दरवाजा नाही, चाक नाही. गावातल्या माणसानं गावातल्या सामानात दुरुस्त करावं असं सगळं.

तलाव बांधणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव कोहळी समाजाचं. त्यांना गोंड राजांनी काशीकडून आणलं, अशी त्यांच्यातली परंपरा सांगते. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची पद्धत अशी सांगितली जाते की जो रान तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. अशा दानाला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचं नाव आजही तुकूम आहे. या एका नियमात केवढं शहाणपण आहे पाहा. राजाला खजिन्यातून पैसा काढावा लागला नाही. बांधणाऱ्याचा फायदा पाळीच्या आयुष्याशी जोडला गेला. पाळ फुटली तर जमीन कोरडी, जमीन कोरडी तर दान निरर्थक. तलाव टिकवण्याची निकड कुणाला उपदेश न करता निर्माण झाली.

कोहळ्यांच्या कौशल्याची नोंद इंग्रजांनीही केली. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात त्यांच्या तलावांचं कौतुक आहे. पातळी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. पावसाळ्यात पाणी कुठून धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे मुरतं हे बघत राहायचं, आणि ऊस पिकवणाऱ्या कोहळ्याला उताराची जी जाण असावी लागते ती पाळीच्या आखणीत उतरवायची, अशी ती विद्या होती.

त्या विद्येचं सगळ्यात भव्य रूप म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी यानं बांधला, असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि पाळ उभी राहायला त्या सात देवींनी हात दिला, अशी लोककथा आहे. कोलू पटेलाचा पुढे कोलासूर देव झाला; त्याचं ठाणं पाळीवर आहे. मला या कथेत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. देवराईत देव आधी असतो आणि रान त्याचं असतं. इथे आधी माणसानं काम केलं, त्या कामानं गाव जगलं, आणि मग गावानं त्या माणसाला देवाच्या जागी बसवलं. श्रमाला दैवत्व देणारी ही संस्कृती आहे. आणि देव पाळीवरच बसवला, म्हणजे जो भाग सगळ्यात आधी फुटू शकतो त्या भागावर. वर्षातून एकदा पूजेला का होईना, गावाचे पाय पाळीवर पडणार, आणि कुठे उंदरानं बीळ केलंय, कुठे माती खचली आहे, हे नजरेला येणार.

पाण्याच्या या वेळापत्रकावर इथला सणवारसुद्धा बेतलेला आहे. धान कापून घरात आलं, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटकमंडळ्या रात्र रात्र जागवतात. हौशी-व्यावसायिक अशा कुठल्याच खणात न बसणारी ही रंगभूमी तिकीट लावून चालते, आणि ते तिकीट काढणारा हात बहुतेक वेळा धान विकून आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी तिच्याकडे लोककला म्हणून पाहिलं. तिच्यामागचा तलाव मात्र फारसा कुणी पाहिला नाही.

इथवर वाचून कुणाला हे सोन्याचे दिवस वाटतील, तर थांबायला हवं. त्या व्यवस्थेत वेठ होती. पाळीवर माती टाकायला माणूस पाठवणं हे कर्तव्य होतं, पण सगळ्यांचं कर्तव्य सारखं नव्हतं आणि पाण्याचा वाटाही सारखा नव्हता. ज्याची जमीन मोठी आणि तलावाला लागून, त्याच्या बांध्या आधी भिजत. ज्याला जमीनच नाही, त्यानं माती वाहायची आणि पाळीवरून पाणी बघायचं. तलाव टिकला तो गावाच्या एकोप्यानं, असं आपण सभांमधून म्हणतो. तो एकोपा दबावाचाही होता. जुन्या व्यवस्थेतून काय घ्यायचं ते ठरवताना हे विसरून चालणार नाही, नाहीतर पर्यावरणाच्या नावानं आपण मालगुजारीचे गोडवे गाऊ.

आणि मालगुजारी ही तरी किती जुनी? या तलावांना आज सरकारदरबारी ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यामुळे ते मालगुजारांनी बांधले असा समज होतो. गोंडांचं चांदा १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. तोवर गावचा पटेल हा सारा गोळा करून भरणारा माणूस होता. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी त्याला गावाचा मालक, म्हणजे मालगुजार, करून टाकलं. कितीतरी तलाव याच्या फार आधीचे आहेत. म्हणजे ज्याला आपण परंपरा समजतो त्यातला मालकीचा भाग हा शंभर वर्षांचाही नव्हता. तो परक्या सरकारनं महसुलाच्या सोयीसाठी आणला होता. मात्र त्याच जमाबंदीनं एक चांगलं काम केलं. गावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात लिहून ठेवले, आणि लाकूड, चराई, पाणी यांवरचे गावाचे निस्तारहक्क कागदावर आले. मालक मालगुजार, पण वापराचा हक्क गावाचा, अशी दुहेरी गाठ पडली. ती जाचक होती, तरी तिच्यात तलावाची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होतं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा इंग्रज सरकारला सिंचनाची जाग आली. घोडाझरी, आसोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा ही सरकारी तलावांची नावं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली. अभियंते आले, मोजमापं आली, लोखंडी दरवाजे आले. पण जागा निवडताना त्यांनीही टेकडीच्या पायथ्याचं तेच गणित वापरलं.

खरा फरक पडला तो स्वातंत्र्यानंतर. मालकी हक्क रद्द करणारा मध्य प्रदेशाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कसणाऱ्याच्या मानेवरचं एक जोखड त्या दिवशी उतरलं. मात्र त्या कायद्याच्या मसुद्यात जमिनीचा जितका विचार होता तितका पाण्याचा नव्हता. तलाव सरकारजमा झाले. पुढे १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. कागदोपत्री कारभार नीट लागला. गावाच्या दृष्टीनं मात्र तलाव कुणाचाच राहिला नाही. सरकारनं पाणीपट्टी मागितली. ज्यांच्या आज्यांनी हे पाणी निस्तारहक्कानं वापरलं होतं त्यांना ती अन्यायाची वाटली. पाळ सरकारची झाली म्हणताना उन्हाळ्यात माती टाकायला कुणी जाईना. सरकारकडे सहा हजार पाळी सांभाळायला माणसं नव्हती, आणि मनही मोठ्या धरणांत गुंतलेलं होतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. तिथून पुढच्या कितीतरी अर्थसंकल्पांत विदर्भाच्या पाण्याचा प्रश्न म्हणजे गोसीखुर्द, असंच समीकरण होऊन बसलं.

तलाव मरतो तो एका दिवसात नाही. आधी गाळ साचतो. उथळ झालेल्या काठावर गाळपेर सुरू होते, मग त्या गाळपेरीभोवती धुरा, म्हणजे शेताचा बांध, पडतो. शेतातलं खत पाण्यात उतरतं, पाणवनस्पती माजतात आणि ओलसर काठावर बेशरम पसरते. जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून ती हटत नाही. खाली शेतकऱ्याकडे विहीर किंवा बोअर होते, आणि त्याला तलावाच्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. उन्हाळी धानाचं पीक वाढलं तसा जमिनीखालच्या पाण्याचा उपसाही वाढला. ते पाणी तलावातूनच झिरपून आलेलं असतं, पण पंप सुरू करताना हे कुणाला दिसत नाही.

आता ढिवरांकडे वळायला हवं, कारण या विषयावरच्या लेखनात ते शेवटच्या परिच्छेदात येतात किंवा येतच नाहीत. तलाव बांधणारा कोहळी, मालक मालगुजार, पाणी घेणारा शेतकरी. पण तलावाच्या आत काय चाललं आहे हे जाणणारा ढिवर. मासे धरणारा, शिंगाडा लावणारा हा समाज बहुतांशी भूमिहीन. कुठल्या गवतात कुठला मासा अंडी घालतो, कुठल्या वनस्पतीच्या मुळाशी पिल्लं लपतात, कमळ किती वाढलं की पाणी गुदमरतं, आपोआप उगवणाऱ्या देवधानाचा काठ कुठवर ठेवायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. सरकारनं सहकारी संस्थांना तलाव ठेक्यानं देण्याची पद्धत आणली आणि उत्पन्न वाढवायला कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायला सांगितलं. पैसा आला, हे खरं. पण मरळ, मांगूर यांच्यासारखे इथले मासे मागे पडले, आणि गवत खाणारे मासे सोडले तिथे पाण्यातलं हिरवं जंगलच संपलं. ठेका भरायचा म्हणून ढिवराला पाणी तलावात राहायला हवं. पीक वाचवायचं म्हणून शेतकऱ्याला ते सोडायला हवं. एकाच गावातल्या दोन गरजा समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि त्या मिटवणारी जागा गावात उरली नव्हती.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेचं काम मला मोलाचं वाटतं ते इथे. त्यांनी ढिवरांच्या जाणकारीला वनस्पतिशास्त्राच्या बरोबरीनं बसवलं. बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरायचा, आणि पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती तिथे लावायच्या. तलावाच्या पोटात शेती करावी तसं हे काम. त्यात ढिवर स्त्रियांचा हात मोठा आहे. मासे परततात, मग पक्षी परततात. जेसीबी लावून गाळ काढण्याच्या योजना सरकारनं अलीकडे बऱ्याच राबवल्या. त्यांची गरज आहेच. पण सरसकट खरवडलेला तलाव म्हणजे पाण्याची टाकी होते. त्याचा काठ उभा होतो आणि उथळ पाण्यात जगणारं सगळं नाहीसं होतं.

सारसाचं उदाहरण या सगळ्याला धरून आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांतच उरला आहे, तोही मोजक्या संख्येनं. तो अभयारण्यात राहत नाही. त्याला धानाची बांधी लागते, शेजारी उथळ तलाव लागतो, आणि घरट्याला हात न लावणारा शेतकरी लागतो. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्या रक्षणाची दखल स्वतःहून घेतली. एका पक्ष्याच्या निमित्तानं कीटकनाशकं, विजेच्या तारा आणि तलावांवरची अतिक्रमणं न्यायालयासमोर आली.

याच्या शेजारीच दुसरा विचार उभा आहे. नवेगावबांधाभोवतीचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्लींनी इथे वनाधिकारी म्हणून घालवलेल्या काळावर पुस्तक लिहिलं आणि मराठी वाचकाला या पाण्याची, पाखरांची ओळख झाली. इकडे ताडोबातही असाच तलाव आहे, आणि त्याच्या काठी तारू या वाघाशी झुंजताना मेलेल्या गोंड पुढाऱ्याचं ठाणं आहे. तिथल्या पौषातल्या जत्रेवर पुढे निर्बंध आले. वाघ वाचायला हवा, त्यासाठी काही जागा माणसानं सोडायला हवी, हे मला मान्य आहे. पण ज्या पाण्याला आपण निसर्ग म्हणून कुंपण घालतो ते नवेगावचं पाणी एका कोहळ्याच्या फावड्यानं अडवलेलं आहे, ही गोष्ट पर्यटकाला दाखवल्या जाणाऱ्या फलकावर ठळक असायला हवी. ती नसली, की जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा असं मुलांना वाटू लागतं, आणि पाळीवर पूजेला येणारा गावकरी त्यांना घुसखोर दिसतो.

मला जे म्हणायचं आहे ते असं. आपण पर्यावरणाबद्दल बोलताना माणसाच्या प्रेमावर, श्रद्धेवर फार भार टाकतो. झाडीपट्टीतल्या माणसाचं तलावावरचं प्रेम १९५१ नंतर कमी झालं नाही. कोलासुराची पूजा थांबली नाही. पाळी तरीही खचल्या. कारण श्रद्धेच्या खाली हक्काची आणि कामाची जी वीण होती ती उसवली, आणि जाचक वीण उसवल्यावर तिच्या जागी न्याय्य वीण घालायचं राहून गेलं.

ती घालण्याची साधनं आज कायद्यात आहेत. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे दिलं. २००६च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचा उल्लेख आहे, आणि पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी जुन्या नोंदी शोधून दावे केले. निस्तारपत्रकं त्यात पुरावा ठरली. जंगलासाठी जे घडलं ते तलावासाठी फारसं घडलेलं नाही. ज्या गावांत ते घडवायचं असेल त्यांनी आधी अभिलेखागारातून आपल्या गावाच्या वाजिब-उल-अर्जची नक्कल काढावी, आणि ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचावी: पाळ कुणी बांधायची, पाणी कुणाला कधी मिळायचं, मासळी कुणाची. वाचताना जिथे वेठ आहे आणि जिथे ढिवराचं नावच नाही, त्या ओळींवर सभेत भांडण होईल. ते होऊ द्यावं, आणि नव्या नियमांचा मसुदा त्याच बैठकीत लिहायला घ्यावा.